सॅम्पलिंग १ टक्क्यावर आणलं, तरी सीपीयू खाली का येत नाही?

ट्रेसिंगमधले स्पॅन (रिक्वेस्टमधल्या एका टप्प्याची वेळेसह नोंद), ट्रेस (एका रिक्वेस्टचे सगळे स्पॅन मिळून), एक्स्पोर्टर (स्पॅन बाहेर पाठवणारा भाग) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. परफॉर्मन्सच्या कामात नव्याने आलेल्याला पहिला सल्ला हमखास मिळतो: "सॅम्पलिंग कमी कर." म्हणजे शंभरातल्या मोजक्याच रिक्वेस्टचे ट्रेस नोंदव. सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. त्या अर्धवटपणापायी मी बरेच दिवस डोकं फोडत बसले होते. टक्का उतरवला, साठवणुकीचा खर्च उतरला, सर्व्हिसचा सीपीयू मात्र जागचा हलेना.

कारण साधं आहे, पण नीट वाचा. स्पॅन नोंदवायचा की नाही, एवढंच सॅम्पलर ठरवतो. स्पॅनला लावायची माहिती तयार करतो तुमचा कोड, आणि तो सॅम्पलरला विचारायला थांबत नाही. समजा, ऑर्डरचं अख्खं ऑब्जेक्ट जेसनमध्ये बदलून अ‍ॅट्रिब्यूट म्हणून लावणारी एक ओळ आहे. जावा घ्या, गो घ्या नाहीतर पायथन, फंक्शन कॉल होण्याआधी त्याची आर्ग्युमेंट्स तयार होतात. म्हणजे आधी मेमरी घेतली जाते, ऑब्जेक्टची सगळी फील्ड्स पालथी घातली जातात, स्ट्रिंग बनते आणि मग ती स्पॅनच्या हातात पडते. स्पॅन नोंदवायचा नसेल तर तो ती तिथेच टाकून देतो. १ टक्का सॅम्पलिंग असेल तर शंभरातल्या नव्याण्णव रिक्वेस्टमागे हेच होतं, आणि तो कचरा गार्बेज कलेक्टरला (जीसी, नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) उचलावा लागतो. वर हा खर्च फ्लेमग्राफमध्ये (कुठल्या फंक्शनने किती सीपीयू खाल्ला ते दाखवणाऱ्या आलेखात) ट्रेसिंगच्या नावावर दिसतच नाही. तो सीरियलायझेशन (ऑब्जेक्टची स्ट्रिंग बनवणं) आणि जीसीच्या खात्यात जमा होतो. त्यामुळे माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

डॅपर या गुगलच्या ट्रेसिंग यंत्रणेवरचा २०१० चा पेपर सगळे दाखवतात. त्यात सॅम्पल न झालेल्या स्पॅनवर नोंद करायचा खर्च सरासरी ९ नॅनोसेकंद आणि सॅम्पल झालेल्यावर ४० नॅनोसेकंद दिला आहे. "बघ, जवळजवळ फुकट." हो, पण तो ४० चा आकडा आयत्या, कोडमध्येच लिहिलेल्या मजकुराचा आहे. तुमचं जेसन त्यात धरलेलं नाही.

उपाय असा: ओपनटेलिमेट्रीत (ट्रेसिंगसाठी सर्रास वापरली जाणारी लायब्ररी) स्पॅनला इझ-रेकॉर्डिंग ("तू नोंदवला जातोयस का?") विचारा आणि महागडं अ‍ॅट्रिब्यूट त्या इफच्या आत बनवा. इथेही लोक घसरतात. छान हेल्पर फंक्शन लिहितात, तपासणी त्याच्या आत टाकतात आणि बाहेरून तयार स्ट्रिंगच पाठवतात. उपयोग शून्य, कारण स्ट्रिंग बनून गेलेली असते. हेल्परला स्ट्रिंग नको, स्ट्रिंग बनवणारं फंक्शन द्या. स्पॅन सुरू करतानाच जी अ‍ॅट्रिब्यूट्स दिली जातात ती तर सॅम्पलरला निर्णयासाठी लागतात, म्हणजे ती दरवेळी बनणारच. तिथे फक्त हाताशी असलेली, स्वस्त मूल्यं ठेवा. आणि खरं विचाराल तर अख्खं ऑब्जेक्ट कुणी कधी वाचत नाही. ऑर्डरचा आयडी पुरतो.

आपण कच्चे म्हणून यात सापडतो, असं वाटून घेऊ नका. लिनक्स कर्नलमध्ये बंद ट्रेसपॉइंटची (कोडमध्ये नोंदीसाठी ठेवलेल्या जागेची) वाट स्टॅटिक की (चालू-बंदची तपासणी जवळजवळ फुकट करणारी युक्ती) वापरून जवळजवळ रिकामी केलेली असते, तरीही केवळ ट्रेससाठी काही हिशेब करावा लागत असेल तर तो वेगळ्या ‘एनेबल्ड’ तपासणीच्या आत ठेवा, असं त्यांचं डॉक्युमेंटेशन सांगतं. दुखणं तेच आहे.

टेल सॅम्पलिंगबद्दल (रिक्वेस्ट संपल्यावर तिचा ट्रेस ठेवायचा की नाही ते ठरवणं) माझं मत थोडं कडक आहे. चुकलेल्या आणि रेंगाळलेल्या रिक्वेस्ट पकडायला ते उत्तम. पण निर्णय कलेक्टरवर (स्पॅन गोळा करणाऱ्या वेगळ्या प्रोग्रॅमवर) होतो, म्हणजे तुमची सर्व्हिस प्रत्येक स्पॅन बनवते, भरते आणि पाठवते. ओव्हरहेड कमी करायला म्हणून कुणी ते सुचवलं, तर त्यांनी सर्व्हिसचा सीपीयू मोजला होता का, ते नम्रपणे विचारा. "बंद असलं की फुकट असतं" म्हणणाऱ्या सीनियरलाही हाच प्रश्न. ऑटो-इन्स्ट्रुमेंटेशन (कोड न बदलता स्पॅन आपोआप लावणं) सुरुवातीला जरूर वापरा, पण कॅशेच्या एकेका कॉलला स्पॅन लागत असेल तर ते इंटिग्रेशन बिनधास्त बंद करा. कामापेक्षा नोंद महाग पडत असेल, तर त्या ट्रेसमधले वेळेचे आकडेही खोटेच.

मोजमाप तीन प्रकारे करा: इन्स्ट्रुमेंटेशन अजिबात नसलेलं बिल्ड, इन्स्ट्रुमेंटेशन असलेलं पण सॅम्पलिंग शून्य, आणि नेहमीच्या सॅम्पलिंगवर. पहिल्या दोघांतला फरक म्हणजेच वर सांगितलेला छुपा खर्च. तो मोठा निघाला तर खूश व्हा, कारण तो तुमच्याच कोडमध्ये आहे आणि बहुधा दोन-चार ओळींत सापडतो. त्यासाठी कर्नल कोळून प्यायची गरज नाही. सरासरीवर मात्र विसंबू नका, पी९९ (शंभरातल्या ९९ रिक्वेस्ट जेवढ्या वेळात आटपतात तो आकडा) बघा.

एक्स्पोर्टर बॅचवालाच ठेवा. त्याची रांग मुळात २०४८ स्पॅनची असते, भरली की पुढचे स्पॅन गळतात. ते गळणं रिक्वेस्ट अडवण्यापेक्षा परवडतं. एवढं करूनही प्रत्येक स्पॅन महागच पडत असेल, तर लिनक्सवर क्लॉकसोर्स (कर्नल वेळ ज्या घड्याळातून वाचतो ते) काय आहे ते पाहा. तिथे टीएससीऐवजी (प्रोसेसरमधलं, झटपट वाचता येणारं घड्याळ) एचपीईटी (प्रोसेसरबाहेरचं, वाचायला मंद घड्याळ) निघालं, तर प्रत्येक वेळ-नोंदीसाठी सिस्टिम कॉल होतोय आणि एका स्पॅनला तशा निदान दोन नोंदी लागतात.