लांब घरात मध्येच जाणारं वायफाय: आधी दोष शोधा, मग केबल ओढा

पूर्ण बंद पडलेलं नेट दुरुस्त करायला सोपं. लाल दिवा दिसतो, फोन केला की माणूस येतो. खरा त्रास देतं ते दोन मिनिटं जाऊन आपोआप परत येणारं नेट. माणूस येतो तेव्हा सगळं सुरळीत असतं आणि तो गेला की संध्याकाळी पोरांच्या क्लासात पुन्हा चित्र अडकतं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात घरोघरी नेटवर्कची कामं करतो. आमच्याकडची घरं लांबट. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि हल्ली तिला जोडून स्लॅबची नवी खोली. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, फूटभर जाड, जुन्या घरांत त्याहून जास्त. फायबर रस्त्याकडून येते म्हणून राउटर ओटीवर बसतो, आणि घरून काम करणारी सून बसते मागच्या खोलीत, कारण शांतता तिथेच. आपल्याकडे बंगला वेडावाकडा असेल किंवा दोन फ्लॅट जोडून एक केला असेल, तरी खालचं बहुतेक लागू पडेल.

पैसे खर्च करण्याआधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. तीनच जागा असतात. बाहेरची लाइन, राउटरची वीज किंवा घरातलं वायफाय.

लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला पिंग लावा, म्हणजे ‘ping’ टाइप करून पुढे पत्ता द्या; लॅपटॉप ‘आहेस का’ विचारतो आणि उत्तर आलं की नाही ते दाखवतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाला छापलेला सापडतो. दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेर इंटरनेटवर असलेल्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावा. विंडोजवर पत्त्यानंतर जागा सोडून हायफन आणि टी टाइप केलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. आता नेट जाण्याची वाट बघा. राउटर उत्तर देतोय आणि ८.८.८.८ गप्प झालं, तर दोष लाइनीत. दोन्ही एकदम गप्प झाले, तर दोष घरातच. मग लॅपटॉप केबलने थेट राउटरला लावून हेच पुन्हा करा. केबलवर ठीक चाललं तर वायफाय पकडा, केबलवरही दोन्ही गप्प झाले तर राउटर किंवा त्याची वीज. नेट गेल्याची प्रत्येक वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहीत जा. रोज पंप सुरू करताना जातं, की पाऊस पडला की जातं, हे त्यातूनच कळतं.

लाइनीचा संशय असेल तर फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये (ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला की उघडणारं पान) ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे आत येणाऱ्या प्रकाशाच्या ताकदीचा, आकडा बघा. तो उणे असतो. उणे २० च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा, उणे २७ च्या जवळ गेला तर लाइन काठावर आहे, आणि पावसात सांध्यात ओल गेली की तुटणारच. तक्रार करताना हा आकडा आणि लिहिलेल्या वेळा सांगा. ‘नेट जातं’ म्हणण्यापेक्षा त्याने काम लवकर होतं. त्याआधी घरातली फायबर एकदा हाताने चाचपा. खिळ्याला घट्ट गुंडाळलेली किंवा दाराच्या फटीत चेमटलेली फायबर प्रकाश गळवते, तिला मोठं वळण द्या. मात्र तिच्या उघड्या टोकाला डोळा लावून बघू नका, आत लेझर असतो.

विजेचा दोष ओळखायला राउटरच्या अशाच पानावर ‘अपटाइम’, म्हणजे तो किती वेळ सलग चालू आहे, ते बघा. कोणी हात लावलेला नसताना तिथे जेमतेम तासाभराचाच आकडा दिसला, तर राउटर स्वतःच बंद-चालू होतोय. बहुतेक वेळा अडॅप्टर थकलेला असतो. नवा घेताना व्होल्ट तेवढेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनची प्लस-मायनसची खूण सारखी, एवढं जुळवा. आमच्याकडे व्होल्टेज सारखं खालीवर होतं, म्हणून मी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बसवायला सांगतोच. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोघांनाही तो लागतो.

आता वायफाय. जांभा पाणी पितो, आणि ओल्या भिंतीतून सिग्नल आणखी मरतो. मे महिन्यात बरं चालणारं नेट जुलैत मागच्या खोलीत का अडखळतं, याचं उत्तर पुष्कळदा भिंतीतच असतं. राउटर बहुधा दोन पट्ट्यांत वायफाय देतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतींपुढे लवकर हरतं. २.४ पुढे पोचतं, पण सावकाश, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच पट्ट्यात गोंधळ घालतो. फोनवर वायफाय ॲनालायझरचं एखादं ॲप घ्या आणि घरभर फिरा. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते, शून्याच्या जितकी जवळ तितकी चांगली. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून बरं असेल तिथे व्हिडिओ कॉल टिकतो. उणे ७५ च्या खाली खात्री नाही, आणि उणे ८० ला खुर्ची टाकून काम करण्यात अर्थ नाही.

राउटरची जागा बदलणं फुकट असतं, ते आधी करा. लोखंडी कपाटामागून, आरशाजवळून, टीव्हीच्या मागून त्याला बाहेर काढा आणि डोक्याच्या उंचीवर, दारांच्या रेषेत ठेवा. २.४ ला चॅनेल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झला ३६ ते ४८ मधला चॅनेल हाताने ठरवून द्या. ‘ऑटो’वर राउटर कधीकधी ५२ ते १४४ मधला चॅनेल उचलतो. तिथे रडारची चाहूल लागली की त्याला नियमाने चॅनेल सोडावाच लागतो, आणि घरातले सगळे एकदम तुटतात.

एवढ्याने मागची खोली सुधारली नाही तर लोक रिपीटर, म्हणजे वायफाय पकडून पुढे पाठवणारा डबा, आणतात. कळकळीने सांगतो, जांभ्याच्या घरात तो पैसा वाया जातो. रिपीटर स्वतःच त्या भिंतीपलीकडून ऐकणार, आणि साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, म्हणजे वेग निम्म्यावर. बिनतारी मेशलाही, म्हणजे केबलशिवाय एकमेकांशी बोलणाऱ्या राउटरांच्या संचालाही, भिंत तीच. भिंतीपलीकडे केबल न्या आणि तिथे दुसरा राउटर लावा.

केबल कॅट-६, शुद्ध तांब्याची. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमचीही मिळते. दुकानातच एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर परत द्या. ओटीवरून माळ्यावर चढवून वाशांच्या कडेने पीव्हीसी पाइपातून मागे उतरवा, नाहीतर उंदीर सोडत नाहीत. विजेच्या वायरींना समांतर चिकटवू नका, ओलांडावी लागलीच तर काटकोनात. १०० मीटरपर्यंत काळजी नाही.

प्लग लावताना क्रम असा, पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका आणि बाहेरचं आवरण प्लगच्या आत जाऊन दाबलं गेलंय ना ते बघा. तसं नसेल तर केबल जरा हलली की संपर्क सुटतो. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले पाहिजेत.

दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड असेल तर तो निवडा. नसेल तर त्याचा पत्ता पहिल्याच्याच मालिकेतला पण वेगळा करा, म्हणजे पहिल्याचा १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोन-लॅपटॉपना पत्ते वाटण्याची सोय, बंद करा आणि केबल वॅनमध्ये (बाहेरचं नेट येण्याचं पोर्ट) नाही, लॅनच्या पोर्टमध्ये घाला. एका घरात दोन राउटर पत्ते वाटायला लागले की कुठल्या फोनला काय मिळेल याचा भरवसा नाही. मध्येच जाणाऱ्या नेटचं हे कारण मला फार घरांत सापडतं. दोन्हीकडे नाव आणि पासवर्ड सारखा ठेवा, चॅनेल वेगळे, पुढे १ तर मागे ११. तरी फोन मागच्या खोलीत येऊनही ओटीवरचाच राउटर धरून बसला, तर ओटीवरच्या २.४ ची ताकद ‘मध्यम’ करा.

अंगणापलीकडच्या गोठ्यात किंवा पाहुण्यांच्या खोलीत नेट न्यायचं असेल तर उघड्यावरून तांब्याची केबल टाकू नका. वळवाच्या पावसात जवळ कुठे वीज पडली की दोन्ही टोकांची यंत्रं जळतात. तिथे फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जुळवणारा डबा. काचेतून वीज येत नाही.

सगळं झाल्यावर मागच्या खोलीत पिंग लावून एक अख्खी संध्याकाळ चालू ठेवा, पंप, मिक्सर, मायक्रोवेव्ह सगळं वापरात असताना. मग दोन्ही राउटरांचे पत्ते आणि पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. ते सहसा मुंबईला असलेल्या मुलालाच माहीत असतात, आणि नेट गेल्यावर घरात असतात आजी-आजोबा.