वॉर्डातले पहिले दिवस आणि युरोबॅग

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, संपवून मेल मेडिसिन वॉर्डात रुजू झाले तेव्हा इन्फेक्शन कंट्रोल म्हणजे मास्क आणि ग्लोव्हज, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्याच आठवड्यात एका आजोबांना एक्स-रेला न्यायचं होतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेलं. स्ट्रेचरवर घेताना युरोबॅग, म्हणजे लघवी जमा होणारी पिशवी, कुठे अडकवावी सुचेना, म्हणून मी ती उचलून त्यांच्या पोटावर ठेवली. लिफ्टपाशी इन्चार्ज सिस्टरांनी थांबवलं. रागावल्या नाहीत, फक्त नळीकडे बोट दाखवलं. नळीतली लघवी हळूहळू उलटी आजोबांकडे चालली होती. त्यांना संसर्ग होण्याची वाट मीच मोकळी करून देत होते.

तेव्हापासून शिफ्टिंगच्या आधी बॅग रिकामी करते आणि ती मूत्राशयाच्या खाली लावते, पण जमिनीला टेकू देत नाही. वॉर्डबॉय मामांनाही हे समजावून सांगा, कारण स्ट्रेचर ते ढकलतात. आणि रोज राउंडला विचारा, ‘सर, कॅथेटर अजून लागणार आहे का?’ जितके दिवस नळी आत, तितका धोका वाढतो.

नव्या मुलींची सर्रास होणारी चूक ग्लोव्हजची. त्याच जोडीने सक्शन (नळीने कफ ओढून काढणं), मग चादर, मग मॉनिटरचं बटण, मग फाइल! आपल्याला वाटतं हात सुरक्षित आहेत, पण एका बेडचे जंतू आपणच दुसऱ्या बेडवर पोहोचवतो. ग्लोव्हज प्रत्येक पेशंटला नवे, आणि काढल्यावर हात स्वच्छ करायचेच. हँडरब असेल तर 20 ते 30 सेकंद, साबण-पाणी असेल तर 40 ते 60. हात मळलेले दिसत असतील किंवा पेशंटला सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूचे जुलाब असतील तर साबण-पाणीच, कारण त्या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. पेशंटला हात न लावता नुसती बेडची कड किंवा सलाइन स्टँड धरला, तरी हात स्वच्छ करायचे. हेच सगळ्यांत जास्त विसरलं जातं.

मोठ्या डॉक्टरांना हात स्वच्छ करायला कसं सांगायचं, हा प्रश्न प्रत्येकीला पडतो. 1847 मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने, शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी अनेक डॉक्टरांना ते पटलं नाही. मी तोंडाने काही बोलत नाही. दोन बेडच्या मध्ये हँडरबची बाटली पुढे करते, हात आपोआप पुढे येतो.

सुईला टोपण परत लावू नका. वापरलेली सुई थेट पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात. तरीही टोचलीच तर जागा दाबून रक्त काढू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच इन्चार्जना कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागणार असतील तर ती शक्यतो दोन तासांत सुरू व्हावी लागतात, 72 तासांनंतर उपयोग राहत नाही. हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस घेतले नसतील तर रुजू होण्याआधीच सुरू करा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासा, ते 10 mIU/mL किंवा त्याहून जास्त हवं. रिपोर्टची एक प्रत घरी फाइलला ठेवा.