शापित वस्तू खेळात आणताय? या चुका टाळा

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं रंगवायच्या खेळात डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, मोठ्या हौसेनं एखादी शापित तलवार पार्टीच्या, म्हणजे प्लेअर्सच्या पात्रांच्या टोळीच्या, हाती द्यावी आणि पुढच्याच सेशनला ती दरीत फेकली जावी, हे नेहमीचंच. मग डीएम प्लेअरवर चिडतो. दोष बहुतेक वेळा त्या वस्तूच्या रचनेत असतो. ज्या वस्तूचा मोहच पडत नाही, तिचा शाप कोण कशाला सोसेल?

नुसता शाप, लाभ शून्य

डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला. त्याच्या जुन्या नियमांत उणे गुण देणाऱ्या, हातातून सुटतच नाहीत अशा तलवारी होत्या. आज तसली वस्तू दिलीत तर प्लेअरला फक्त दंड भरल्यासारखं वाटतं. लाभ शापापेक्षा मोठा हवा आणि तो दर लढाईत दिसायला हवा.

२०१४ च्या नियमांतली बर्सर्कर कुऱ्हाड बघा. वार आणि इजा, दोन्हींत एकची भर, शिवाय दर लेव्हलमागे एक हिट पॉइंट (पात्राचा जीव मोजायचा गुण) जास्त. कुठला फायटर, म्हणजे लढवय्या, ती सोडेल? शाप असा, की शत्रूनं जखम केली की पंधराचा विझडम सेव्ह, म्हणजे मनाचा तोल राखायला फासा टाकून पंधरा गाठायचे. चुकला तर समोर जो सर्वांत जवळ असेल त्याच्यावर वार. मोह पाडण्यात कुऱ्हाड पास आहे, पण शापाची किंमत शेजारी उभ्या क्लेरिकला (पार्टीतल्या पुजाऱ्याला) मोजावी लागते आणि एवढ्यावरून टेबलावर खरी भांडणं होतात.

त्यापेक्षा मला बाण ओढून घेणारी ढाल आवडते. लांबून मारलेल्या शस्त्रांची इजा निम्मी होते, पण दहा फुटांच्या आत कुणावरही असा नेम धरला तरी तो ढालवाल्याकडे वळतो. दोन लढाया होईपर्यंत विझर्ड, म्हणजे पार्टीतला जादूगार, मुद्दाम त्याच्या मागे उभा राहायला लागतो. पार्टीनं शापाचा डाव करून टाकला, यापेक्षा चांगलं काय हवं?

एकही खूण न देणं

आयडेंटिफाय मंत्रासकट वस्तू ओळखण्याच्या बहुतेक उपायांनी शाप कळत नाही, असं नियमच सांगतात. काही डीएम याचा अर्थ ‘सगळं लपवा’ असा घेतात. शाप नेमका काय आहे ते कळू नये, पण काहीतरी गडबड आहे याचा वास यायलाच हवा. त्यासाठी पुण्यातल्या जुन्या बाजारासारखी दुसरी जागा नाही. रविवारची गर्दी, गंजलेली कुलपं, कुणाच्या तरी आजोबांचं घड्याळ, आणि तुमचा प्लेअर एका अंगठीची किंमत विचारतो. विक्रेता घासाघीस न करता म्हणतो, “घेऊन जा साहेब, द्याल ते द्या.” पुण्यातला कुठलाही प्लेअर तिथेच सावध होईल. तरीही त्यानं अंगठी घेतली, तर पुढची तक्रार त्याची त्यालाच करू द्या.

कॅरेक्टरचा ताबा काढून घेणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. “शापामुळे तू आता गावकऱ्यांना मारतोस” असं डीएम म्हणाला, की प्लेअर मोबाइल बघायला लागतो. शाप काय करायला लावतो ते सांगण्याऐवजी, ऐकलं नाही तर किती भोगावं लागेल ते सांगा. निवड त्याच्याकडे राहू दे.

पुण्याच्या टेबलासाठी मी सुचवेन तो शापित बोरू. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांच्या पत्रातलं ‘धरावे’ आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, ही आख्यायिका शाळेपासून सगळ्यांना पाठ असते, त्यामुळे बोरू टेबलावर आला की वेगळी पार्श्वभूमी सांगावी लागत नाही. लाभ असा: बोरूनं लिहिलेली तीन शब्दांपर्यंतची आज्ञा वाचणाऱ्याचा पंधराचा विझडम सेव्ह चुकला, तर त्याला ती पाळावीच लागते. शाप असा: लिहिणारा वीस बाजूंचा फासा टाकतो, आणि पाच किंवा त्याखाली पडलं तर डीएम एक अक्षर बदलतो. प्लेअरनं खऱ्या कागदावर लिहायचं आणि डीएमनं त्याच कागदावर गिरवायचं. ‘दोर सोडा’ लिहून सगळे पूल खाली येण्याची वाट बघतायत आणि पहारेकऱ्यांनी ‘चोर सोडा’ वाचून कोठडी उघडलीय. ‘तुरुंग उघडा’चा ‘सुरुंग उघडा’ झाला तर पुढची अर्धी संध्याकाळ सुटलीच.

पण दर वेळी ‘मारावे’च करायला गेलात तर बोरू कायमचा खिशात जाईल. गोंधळ होऊ दे, लगेच मुडदा पडायला नको. थोड्या दिवसांनी प्लेअर कुठलंही अक्षर बदललं तरी फारसं बिघडणार नाही अशा आज्ञा शोधायला लागेल. तेव्हा फाशाची मर्यादा पाचावरून आठावर नेऊ नका. ती त्याची कमाई आहे.

रिमूव्ह कर्सला घाबरणं

क्लेरिक किंवा विझर्ड पाचव्या लेव्हलला पोचला की त्याला रिमूव्ह कर्स हा शापावरचा तिसऱ्या पातळीचा मंत्र मिळू शकतो. मग काही डीएम “इथे तो चालत नाही” असं जाहीर करतात. अहो, मंत्र नीट वाचा. शापित वस्तूवर तो टाकला की मालकाचं अट्यूनमेंट, म्हणजे वस्तूशी जुळलेला जादूचा बंध, तुटतं आणि ती टाकून देता येते. वस्तूवरचा शाप तसाच राहतो. बोरू सुटला, पण आता ठेवणार कुठे? कात्रजहून शनिवारवाड्याला पाणी आणणाऱ्या पेशवेकालीन भुयारी नळात टाकला, तर कुठल्या हौदातून तो कुणाच्या हाती लागेल? इथून पुढची तीन सेशन्स फुकट मिळतात.

हिशेबाच्या भानगडी टाळा. चंद्राची कला, मारलेल्यांची संख्या आणि उपवासाचे दिवस असं सगळं लिहून ठेवावं लागणारा शाप दुसऱ्या आठवड्यात खुद्द डीएमच विसरतो. एकच खूण ठेवा, तीही टेबलावर दिसेल अशी.

आणि करणी, भानामती असले विषय आणण्याआधी कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन्स चालणारी कथा, सुरू करतानाच प्लेअर्सना विचारून घ्या. एखाद्याच्या गावात, घरात त्यावरून खरोखरचं काही घडलेलं असू शकतं.

आधीच बिघडलं असेल तर

प्लेअर वैतागलाय हे दिसत असेल तर कथेतून दुरुस्ती करत बसू नका. सेशन सुरू व्हायच्या आधी, चहा होईपर्यंत त्याच्याशी सरळ बोला: शाप नेमका काय आहे, त्यातलं काय खटकतंय, वस्तू ठेवायची की नाही. ठेवायची असेल तर सक्तीच्या जागी किंमत लावा. बर्सर्कर कुऱ्हाडवाल्याला सेव्ह चुकल्यावर मित्रावरचा वार आवरू द्या, त्याबदल्यात दहा हिट पॉइंट घ्या. नकोच असेल तर त्याच संध्याकाळी एखादा चोर ती पळवू दे, आणि चोराचं नाव वहीत लिहून ठेवा.