सांकेतिक भाषेतील गोष्ट चित्रित करताना

कर्णबधिर कथनकाराची गोष्ट लघुपटात आणायची असेल, तर पहिली संहिता कागदावर लिहू नये. आधी मराठीत लिहून मग तिचे भारतीय सांकेतिक भाषेत रूपांतर केले, की हातांवर मराठीची वाक्यरचना चढते. या भाषेत ‘काय’, ‘कुठे’ हे प्रश्नवाचक शब्द सहसा वाक्याच्या अगदी शेवटी येतात आणि होय-नाहीचा प्रश्न भुवया उंचावून विचारला जातो. म्हणून कथनकाराला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर गोष्ट तीन-चार वेळा सांगू द्यावी आणि ते चित्रण सर्वांनी मिळून पाहिल्यावर काय ठेवायचे ते त्यानेच ठरवावे. हाच पहिला खर्डा. एखादी खूण अडल्यास नवी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा कोश उपयोगी पडतो. मात्र कथनकाराच्या गावची खूण कोशातल्या खुणेहून वेगळी असेल, तर माझ्या मते गावचीच ठेवावी.

कॅमेऱ्यात दिसणारी चौकट डोक्याच्या वर वीतभर मोकळी, खाली कंबरेपर्यंत आणि दोन्ही बाजूंना कोपर पसरतील एवढी रुंद असावी. कपडे बिनानक्षीचे व त्वचेच्या रंगाहून वेगळे उठून दिसणारे निवडावेत आणि उजेड समोरून घ्यावा, कारण खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळवंडतो आणि चेहऱ्यासोबत निम्मे व्याकरणही जाते. सेकंदाला २५ चित्रचौकटी (फ्रेम) आणि १/५० सेकंद शटर ही नेहमीची मांडणी वेगवान बोटांना पुसट करते. सेकंदाला ५० चित्रचौकटी आणि १/१०० सेकंद शटर ठेवल्यास बोटे स्पष्ट येतात, शिवाय आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवरच्या ट्यूबलाइटची लुकलुकही टळते.

खरी कसोटी जागेची आहे. कथनकार, समजा, गोष्टीतल्या आईला आपल्या उजवीकडे आणि सावकाराला डावीकडे एकदा ‘बसवतो’, आणि त्यानंतर त्यांची नावे न घेता केवळ नजरेने वा बोटाने त्या जागा दाखवतो; संकलनात दृश्य आडवे उलटवले किंवा कॅमेरा एकाएकी दुसऱ्या बाजूला नेला, की नजरेची दिशा बदलून कोण कोणाशी बोलते आहे हेच कळेनासे होते. मधे अभिनित प्रसंग घालायचे असल्यास तेथेही आई त्याच बाजूला हवी, आणि कथनकाराची उजवी बाजू म्हणजे प्रेक्षकाची डावी, हे आराखडा काढतानाच लिहून ठेवावे. पात्र बदलताना तो खांदे किंचित वळवतो. मूल झाला की वर पाहतो, आई झाला की खाली. त्या क्षणी दुसऱ्या कोनात जाण्याचा मोह संकलकाला हमखास होतो. तो आवरावा, कारण दृश्य शरीरानेच बदललेले असते. पॅरिसमध्ये प्रख्यात मूकाभिनेते मार्सेल मार्सो यांच्याकडे मूकाभिनय शिकलेले अमेरिकन कर्णबधिर नट बर्नार्ड ब्रॅग यांनी ‘व्हिज्युअल व्हर्नाक्युलर’ ही शैली घडवली ती याच जाणिवेतून: दूरचे दृश्य, जवळचे दृश्य आणि त्यांमधली उडी, सारे एकाच देहात.

१८८० च्या, कर्णबधिरांच्या शिक्षणाविषयीच्या मिलान परिषदेने शाळांत सांकेतिक भाषेऐवजी तोंडी पद्धतीचा पुरस्कार केल्यानंतर, अमेरिकेतील कर्णबधिर नेते जॉर्ज व्हेडिट्झ यांनी १९१३ मध्ये सांकेतिक भाषेच्या जतनाचे आवाहन चित्रफितीवर उतरवले. कॅमेरा जागचा हलत नाही, आणि तरी तो माणूस आजही पाहणाऱ्याला धरून ठेवतो. नवख्याने सुरुवात अशाच स्थिर, सलग चित्रणाने करावी.

उपशीर्षके सर्वांत शेवटी, कथनकाराबरोबर बसून आणि गरज पडल्यास दुभाषाच्या मदतीने लिहावीत. ती दोन ओळींपेक्षा मोठी नसावीत आणि हातांवर येऊ नयेत, यासाठी चौकटीच्या तळाशी जागा आधीच राखावी. पार्श्वसंगीत मी तरी घालणार नाही.

कच्चे संकलन मात्र उपशीर्षकांशिवायच तीन-चार कर्णबधिर प्रेक्षकांना दाखवावे आणि त्यांना गोष्ट परत सांगायला लावावी. ‘हे कोण म्हणाले?’ असे ते जिथे विचारतील, तिथला काप (कट) काढून मूळचे सलग चित्रण परत जोडावे.