उंदीर बांधायला बसण्याआधी

अमेरिकेतल्या मिशिगनच्या ऑ सेबल नदीवर जुलैच्या सुरुवातीला हेक्स मेफ्लाय या मोठ्या किड्यांची गर्दी ओसरली की रात्री उंदीर फिरवायचे दिवस येतात. हा उंदीर म्हणजे गळावर हरणाचे केस बांधून केलेलं मासेमारीचं आमिष. इथला ब्राउन ट्राउट मासा मूळचा इथला नाही. १८८४ साली जर्मनीहून आणलेल्या अंड्यांची पिल्लं याच राज्यातल्या बाल्डविन नदीत सोडली होती. मोठा झाला की हा मासा अंधारात बाहेर पडतो आणि पाण्यात पडलेला उंदीर अख्खा गिळतो. तो बघतो खालून, म्हणजे त्याला दिसतं पोट. कान-डोळे आपल्या हौसेसाठी. वेळ उरला तर करा.

आधी जागा ठरवा. स्वयंपाकघराचा ओटा नको. हरणाचे केस उडतात, पोह्यांत सापडतात आणि मग आठवडाभर ऐकून घ्यावं लागतं. टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरा, पंखा बंद करा.

गळ रुंद तोंडाचा, दोन नंबरचा. दोरा जेल-स्पनच (पॉलिएथिलीनचा, फार मजबूत) हवा. साधा दोरा ऐन ताणात तुटतो आणि सगळी मेहनत भुईसपाट होते. केस हरणाच्या अंगावरचे, जाड आणि आतून पोकळ. शेपटीचे केस पोकळ नसतात, दोऱ्याखाली फुलत नाहीत, ते दुसऱ्या कामाला ठेवा. केसांच्या मुळाशी मऊ लव असते, ती पूर्ण काढावी लागते. माझ्याकडे त्यासाठी आईने गावाहून पाठवलेली उवांची फणी आहे. दुकानातल्या महागड्या कंगव्यापेक्षा सरस. केस दाबायला रिफिल काढलेल्या बॉलपेनची नळी चालते. दाढीचं दुधारी पातं उभं मोडून दोन तुकडे करा, पण कागदात गुंडाळूनच मोडा.

शेपटीला शॅमॉय म्हणजे मऊ चामड्याची तीन मिलिमीटर रुंद पट्टी, अंगाएवढीच लांब. जास्त ठेवली की गळाला वेढे घालते. ती मागे पक्की बांधून थेंबभर सुपरग्लू लावा आणि गळाची पुढची दांडी उघडी सोडा, म्हणजे केस तिच्याभोवती फिरतील. पेन्सिलीच्या जाडीचा झुबका, दोन सैल वेढे, मग खाली ओढा. केस फुलून गरगर फिरतात, हा क्षण मला अजूनही आवडतो. नळीने मागे दाबून घट्ट बसवा, मग पुढचा झुबका. बोटाने चेपून पाहा. कापसासारखं मऊ लागलं तर विरळ झालंय, असा उंदीर लवकर पाणी पितो.

कापण्याआधी केटलीच्या वाफेवर क्षणभर धरा, दबलेले केस उठतात. पहिला काप पोटाला: दांडीलगत, सपाट. इथे केस राहिले तर गळाचं तोंड भरतं आणि मासा नुसता धक्का देऊन जातो. उंदराच्या गळ्याशी दोरा कुठे आहे ते पाहूनच पातं चालवा. पाठ गोल ठेवा, नाक निमुळतं.

बास माशासाठी असेल तर पानं अडकू नयेत म्हणून गळापुढे जाड नायलॉनचा फास बांधायची तयारी आधीच करा. कमळाच्या पानांत त्याशिवाय निभाव लागत नाही. नदीवर ट्राउटसाठी तो नको.

शेवटी बादलीत सोडून बघा. कुशीवर कलंडला तर दोन्ही बाजू सारख्या होतील असे केस थोडे कापा. आणि ओला उंदीर डब्यात बंद करू नका, गळ गंजतो.