खुनाची फाईल कशी बांधावी

सातारा जिल्ह्यातल्या एका कोर्टात मी एकतीस वर्षं काढली. रोजनामा म्हणजे कामकाजाची रोजची नोंद लिहायची, पुराव्याच्या कागदांवर निशाणी क्रमांक टाकायचे, मुद्देमाल यादीशी ताडून घ्यायचा. घरी आलो की रहस्यकथा मात्र भराभर पानं उलटत वाचायचो. निवृत्तीनंतर एकदा अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ पुन्हा हातात आली, तेव्हा सवयीनं तिची फाईल बांधत गेलो. पहिल्या वाचनात जे अचानक कोसळल्यासारखं वाटलं होतं, ते सगळं कागदावर आधीपासून होतं. तेव्हापासून मी याच पद्धतीनं वाचतो, आणि तुम्हीही एकदा करून बघा.

सरावाला हीच कादंबरी घ्या. १९३४ सालची आहे, आणि रचनाच कोर्टाच्या कागदांसारखी आहे. पहिल्या भागात घटना, दुसऱ्यात पुरावा, तिसऱ्यात गुप्तहेर हर्क्युल पॉयरो शांत बसून विचार करतो. दुसऱ्या भागात साक्षीदार एकेक करून आगगाडीच्या भोजनाच्या डब्यात येतात, आणि प्रकरणांची नावंसुद्धा अमक्याची साक्ष, तमकीची साक्ष अशीच. शेवट मी इथे फोडणार नाही, निर्धास्त वाचा.

दोनशे पानी रजिस्टर घ्या, डावीकडे रुंद समास आखा. पहिल्या पानावर नकाशा. पुस्तकात डब्याचा नकाशा छापलेला आहे, पण तो स्वतःच्या हातानं काढा. खुनाच्या रात्री १ नंबरच्या खोलीत पॉयरो, २ मध्ये मरणारा रॅचेट, ३ मध्ये मिसेस हबर्ड. २ आणि ३ च्या मधल्या दाराला कडी कोणत्या बाजूनं आहे तेही दाखवा. छापील नकाशावरून नजर घसरते, स्वतः काढलेला डोक्यात राहतो.

मग पंचनामा. गाडी युगोस्लाव्हियात विन्कोव्त्सी आणि ब्रोड यांच्यामध्ये बर्फात अडकली आहे. प्रेतावर बारा वार, काही खोल, काही नुसते ओरखडे. खिडकी उघडी, पण बाहेर बर्फावर पाऊल उमटलेलं नाही. सव्वा वाजता थांबलेलं घड्याळ, ‘एच’ अक्षराचा बायकी रुमाल, पाइप साफ करायची काडी, दोन वेगवेगळ्या जातींच्या आगकाड्या, जळक्या कागदाचा तुकडा. प्रत्येकाला निशाणी क्रमांक द्या आणि समोर तीन रकाने करा: कुठे सापडली, कोणाला सापडली, तिथे मुद्दाम ठेवता आली असती का. तिसरा रकाना भरायचा कंटाळा केलात तर बाकीची मेहनत फुकट. घड्याळाचंच घ्या. पंच लिहील की काटे सव्वावर होते. खून सव्वाला झाला असं तो लिहिणार नाही, कारण ते त्यानं पाहिलेलं नाही. तुम्हीही लिहू नका.

आता जबाब. ही सगळ्यात वेळखाऊ आणि माझी सगळ्यात आवडती पानं. दर साक्षीदाराला एक पान. डावीकडे त्यानं स्वतः पाहिलेलं आणि ऐकलेलं, उजवीकडे दुसऱ्याकडून कळलेलं. खाली एक ओळ राखून ठेवा: याच्या म्हणण्याला दुजोरा कोण देतंय? ते नाव वर्तुळात घाला आणि त्या माणसाच्या पानावर उलटी नोंद करा. पंचनामा आणि जबाब एका पानावर कधीही मिसळू नका. एक आहे वस्तू, दुसरं आहे माणसाचं म्हणणं. वाचक फसतो तो या दोन्हींचं एकच मिश्रण करून.

जबाब खुनानंतरच सुरू होतात असंही समजू नका. कादंबरी सीरियातल्या अलेप्पो स्टेशनवर, हिवाळ्यातल्या पहाटे पाचला उघडते. तिथून निघालेल्या गाडीत दोन प्रवाशांचं बोलणं पॉयरोच्या कानावर पडतं. ते शब्दशः उतरवा, पान क्रमांकासकट. कोर्टात साक्षीचा एक शब्द बदलला तर अर्थ फिरतो, इथेही फिरतो.

वेळांचा रोजनामा शेवटी करा. साडेबाराला गाडी बर्फात रुतली, १२ वाजून ३७ मिनिटांनी रॅचेटची घंटा वाजली, अशा ओळी. प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या जबाबातून आली ते लिहा, म्हणजे किती वेळा एकाच माणसाच्या शब्दावर भिस्त आहे ते उघड दिसतं.

दुसरा भाग संपला की पुस्तक मिटा. पॉयरो पुढे दहा प्रश्नांची यादी करतो. त्याआधी तुमची करा. माझ्या भाचीनं चौदा काढले होते, त्यातले सहा त्याच्याशी जुळले. दोन दिवस ती रजिस्टर घेऊन व्हरांड्यात बसली होती. जेवताना म्हणाली, ‘‘मामा, ही सगळी माणसं एकमेकांबद्दल फारच चांगलं बोलतात.’’ मी मान खाली घालून भात कालवत राहिलो.

पडद्यावरचं सगळं पुस्तकानंतर. त्याला कारण आहे. १९७४ चा सिडनी ल्युमेटचा सिनेमा एका जुन्या अपहरणापासून सुरू होतो, आणि ही गोष्ट पुस्तकात प्रेत सापडल्यानंतर कळते. पॉयरोची भूमिका करणाऱ्या डेव्हिड सूशेच्या मालिकेतल्या २०१० च्या भागात सुरुवातीलाच इस्तंबूलमध्ये एका बाईला दगडांनी मारतात. पुस्तकात तसं काही नाही. केनेथ ब्रानाचा २०१७ चा सिनेमा जेरुसलेममध्ये उघडतो. पहिली दहा मिनिटं पाहा, थांबवा, आणि रजिस्टरमध्ये लिहा: यांनी खटला कुठून उभा केला? ल्युमेटसाठी तो जुन्या गुन्ह्याचा आहे, सूशेच्या भागात शिक्षा द्यायचा हक्क कोणाला, याचा. मला स्वतःला सूशे जास्त लागतो, रात्री झोप येत नाही.

जबाबांची दृश्यं पाहताना त्या साक्षीदाराचं पान उघडं ठेवा. ल्युमेटनं इन्ग्रिड बर्गमनची साक्ष जवळजवळ पाच मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये घेतली आहे, आणि या भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळालं. कागदावर जबाब म्हणजे नुसते शब्द; इथे अडखळणं, नजर चुकवणं, हात, सगळं नोंदवता येतं. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा, मग आवाजासकट. दोन्ही वेळच्या नोंदी जुळल्या नाहीत तर त्या जागी लाल पेन्सिलीनं खूण करा.

पुढची फाईल ‘डेथ ऑन द नाईल’ची बांधा, १९३७ सालची. तिथे खून बराच उशिरा होतो, म्हणून जबाबांची पानं पात्रं बोटीवर चढण्याआधीच उघडून ठेवा.