पिठीचा डबा आधी उचलून ठेवा

सासूबाई त्याला अजून ‘हल्ला’च म्हणतात. उच्चार खरं तर ‘ख’ आणि ‘ह’च्या मधला, घशातून खरवडून काढायचा. मी ‘खल्ला’ लिहिते: ज्यू लोकांचा शाब्बाथचा, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचा, वेणी घातलेला ब्रेड. पण पहिले तीन महिने माझ्या ओट्यावर जे चाललं होतं, तो हल्लाच होता.

नवऱ्याच्या पोस्टडॉकमुळे दोन वर्षं आम्ही इस्रायलमध्ये रेहोवोतला होतो. मला कामाची परवानगी नव्हती, हिब्रू येत नव्हतं, म्हणून ब्रेड शिकले. आता पुण्यात घरून ऑर्डर घेते. ‘सुरुवात कुठून करू?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहितेय. यीस्ट फुलवता येतं, दोनदा फुगवणं म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून चालते.

मला नडली ती पिठी. आपला हात पोळ्यांवर तयार झालेला. कणीक हाताला चिकटली की दुसरा हात न बघता पिठीच्या डब्यात जातो. खल्ल्याच्या पिठात अंडी, साखर, तेल असतं, त्यामुळे मैदा पाणी हळू पितो. पहिली दहा मिनिटं गोळा चिखलासारखा वाटतो आणि नेमकं तेव्हाच आपण मूठभर मैदा घालतो. मग आणखी मूठभर. एकदा मी वजन करून पाहिलं तर अर्ध्या किलोच्या मापात नव्वद ग्रॅम जास्तीचा गेला होता! तेव्हा गोळा छान दिसतो हो. पण अर्ध्या तासाने तो घट्ट होतो, वेणीसाठी लांबवलेल्या वाती रबरासारख्या मागे येतात, ओव्हनमध्ये वेणी सांध्यावर फाटते आणि दुसऱ्या दिवशी ब्रेडचा भुगा होतो. मी यीस्ट बदललं, ओव्हनला दोष दिला, तीन ब्रँडचा मैदा आणला.

डोळे उघडले ते शेजारच्या सावतामुळे. सावता म्हणजे आजी. तिचं कुटुंब येमेनमधल्या ज्यूंना इस्रायलला आणणाऱ्या १९४९-५० च्या विमानांतून आलेलं. मी पिठीला हात लावला की ती मनगटावर चापट मारायची, ‘मा पितोम!’ म्हणजे ‘काहीतरीच काय!’ मग गोळ्यावर फडकं टाकून मला वीस मिनिटं चहा पाजायची. परत आल्यावर तोच गोळा गालासारखा मऊ. चिकटलाच तर हाताला तेल लावायचं. बस, एवढंच होतं.

इथे एक गोची आहे. आपला साधा मैदा तिथल्या ब्रेडच्या पिठापेक्षा कमी पाणी पितो, म्हणजे तुमचा गोळा कधीकधी खरंच पातळ असतो. त्यावर उपाय पिठी नव्हे; सुरुवातीलाच पाणी कमी घ्या. ५०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, ६० ग्रॅम साखर, २ अंडी, ७० मिली तेल याला पाककृतीत १७० मिली पाणी असेल तर मी १४० वर थांबते. वीस मिनिटांनी लागलं तर चमच्याने वाढवते. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, हे ऐकाच. वाटीने मोजणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

तेलाऐवजी लोणी घालू नका. ज्यू धर्मनियमांत मांस आणि दूधदुभतं एकत्र खात नाहीत; खल्ला मांसाच्या जेवणाबरोबरही खाता यावा म्हणून त्यात दूधदुभतं नसतं. एका ऑर्डरच्या वेळी रास्ता पेठेतल्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आजींनी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. ‘आमच्याकडे शाब्बाथला चपात्याच असायच्या गं,’ असंही म्हणाल्या. आणि बॉक्सवर ‘कोशर’ (ज्यू धर्मनियमांनुसार चालणारं) असं छापू नका. त्यासाठी धार्मिक देखरेख लागते, नुसत्या पाककृतीने होत नाही.

सहा पदरी वेणीची रील्स बघून हुरळू नका. तीन पदरी नीट फुगली नाही तर सहा पदरांचं काय करणार? आणि दोन दिवसांत बारा ब्रेड शिकवणाऱ्या वर्कशॉपला मी एकदा पैसे घातलेत. पिठाला हात लावायला मिळाला तो फोटोपुरता. तुमच्या गोळ्याला बोट लावून ‘थांब’ म्हणणारं कोणी मिळालं तर तिची भांडी घासा, पण तिला सोडू नका.

घाबरू मात्र नका. कोकणातल्यांना तर एक ब्रेड जवळजवळ फुकट आहे: येमेनी लाहोह. एकाच बाजूने भाजलेलं, वर जाळी पडलेलं, म्हणजे आपल्या आंबोळीची मावसबहीणच. मधे भोक असलेलं बेगलही वाटतं तितकं अवघड नाही, फक्त भाजण्याआधी उकळत्या पाण्यातून काढायचं विसरू नका. मात्सा, म्हणजे ज्यूंची यीस्टशिवायची पातळ रोटी, सध्या सोडा. पीठ-पाणी एकत्र झाल्यापासून अठरा मिनिटांत भाजून व्हायला हवं, तो खेळ नवशिक्यांचा नाही.

माझा जीव कुबानेवर, म्हणजे रात्रभर भाजायच्या येमेनी ज्यूंच्या ब्रेडवर. शाब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी सूर्यास्ताआधी झाकणाच्या भांड्यात लोण्याने माखलेले गोळे ठेवून ओव्हन १०० ते ११० अंशांवर रात्रभर तसाच चालू. सकाळी तळ कॅरॅमलसारखा तांबूस, आत पदर सुटलेले. त्याच भांड्यात सालासकट अंडी ठेवतात, ती सकाळी तपकिरी होतात. पुण्यात पहिल्यांदा केला तेव्हा माझ्या ओटीजीचा टायमर साठ मिनिटांचा आहे हे विसरले. सकाळी सहाला झाकण उघडलं तर आत आंबलेलं कच्चं पीठ. टायमर उलटा फिरवून ‘स्टे ऑन’वर ठेवा, झाकणाच्या कडेला फॉइल लावा.

बरोबर किसलेला टोमॅटो आणि झुग. झुग म्हणजे हिरवी मिरची, कोथिंबीर, लसूण, जिरं, थोडा वेलदोडा. घरातला ठेचा चालतो का? चालतो. पण वेलदोड्याचे चार दाणे कुटून घाला.